मान वळेल तेव्हा

आण्णा, आज सकाळी मी तुमचा आवाज गेममधून काढून टाकला. आधी दोनदा चहा करून झाला, एकदा उगाचच गॅलरीत जाऊन कपडे वाळले का बघून आले, आणि मग काढला. काम काहीच नव्हतं, एका चौकोनातली खूण पुसायची होती, झालं. तेव्हापासून खोली इतकी गप्प आहे की मला बसवेना, म्हणून हे लिहायला घेतलं.

तुम्ही गेलात तेव्हा आपल्या घरात कॉम्प्युटरही नव्हता, त्यामुळे मी काय करते ते आधी सांगायला हवं. तुम्ही एकदा अस्तर आणि बटणं आणायला सांगलीला गेला होतात आणि येताना फुटपाथवरून माझ्यासाठी हातात धरायचा एक गेम आणला होतात. वरून विटा पडायच्या आणि त्या खाली नीट बसवायच्या. आई म्हणाली, "पोरीला कशाला ह्ये असलं?" तुम्ही मशीनवरची मान वर न करता म्हणालात, "आगं, कापड बसवायचंच काम हाय त्ये. शिकंल की." तर तसलेच खेळ मी बनवते. मोठ्या कंपन्यांत त्यासाठी ढीगभर माणसं असतात. मी एकटीच आहे, कराडात, इंजिनिअरिंग कॉलेजच्या मागे दोन खोल्या घेऊन राहते. सकाळी व्यापाऱ्यांच्या वेबसाइटा करून पोटापाण्याचं बघते आणि दुपारनंतर गेमचं काम करते. पुण्याची नोकरी सोडली त्याला बरीच वर्षं झाली. आई अजून लोकांना सांगते, "सुट्टीवर आल्याली हाय."

हल्ली कॉलेजची मुलं माझ्याकडे येतात. मॅडम, आम्हाला गेम करायचाय, कुठून सुरू करू, म्हणून विचारतात. प्रत्येकाच्या डोक्यात आख्खं राज्य असतं: शंभर गावं, लढाया, घोडे, बदलणारं हवामान. आणि मी तोंड उघडलं की तुम्हीच बोलायला लागता. "आधी पिशवी शिव," मी म्हणते. मुलं माझ्या तोंडाकडे बघत राहतात. मग मला सांगावं लागतं की माझे वडील कडेगावच्या पेठेत शिंपीकाम करायचे आणि शिकायला आलेल्या कुणालाही पहिले कित्येक दिवस नुसत्या पिशव्या शिवायला लावायचे. सदऱ्याला हात लावू द्यायचे नाहीत. पिशवीला चार बाजू असतात आणि ती संपते. जे संपतं तेच शिकवतं, असं तुमचं म्हणणं. मुलं हसतात, मान डोलावतात आणि घरी जाऊन घोडेच करायला घेतात. मी तरी कुठं ऐकलं होतं? माझा पहिला गेम कृष्णेच्या उगमापासून निघणार होता आणि वाटेतलं प्रत्येक गाव त्यात येणार होतं. चित्रं काढायला कॉलेजातली एक मैत्रीण होती. आम्ही नदी केली, घाट केले, भाताच्या खाचरांवर हलणारं ऊन केलं, आणि खेळायचं काय हे मात्र करायचं राहिलं. तिचं लग्न ठरलं, तिला पुण्यात नोकरी लागली, आणि एक दिवस चहा पिताना ती रडत म्हणाली की माझ्याच्याने आता होत नाही. मला तिचा राग आला नाही. मला तुमच्या दुकानात भिंतीला टांगलेले कच्च्या शिलाईचे कपडे आठवले. लांब लांब पांढरे टाके घालून नुसते जोडलेले, गिऱ्हाइकाने अंगावर चढवून बघायचे, आणि आवडलं नाही तर एका ओढीत उसवायचे. आम्ही थेट पक्की शिलाई मारत बसलो होतो, तीही कुणाच्या अंगाचं माप न घेता.

मग मी नदी सोडली आणि आपल्या गावावर आले. एक गाव, एक दुपार. जत्रेच्या नाटकातला राजा त्याच दुपारी नाहीसा होतो आणि एक मुलगी त्याची लाकडी तलवार हातात घेऊन त्याला शोधत गल्लीगल्लीतून फिरते, एवढाच खेळ. तुम्हाला हे सांगताना मला लाजल्यासारखं होतंय, कारण ती मुलगी कोण ते तुम्ही लगेच ओळखाल. दरवर्षी जत्रा जवळ आली की शाळेच्या व्हरांड्यात तालमी सुरू व्हायच्या. तुम्ही सगळ्यांचे अंगरखे शिवायचात, पण तुमचं खरं काम विंगेत, पडद्याआड उभं राहून विसरलेलं वाक्य हळूच सांगायचं. तुम्हाला कधी कुणी राजाचं काम दिलं नाही आणि तुम्ही कधी मागितलंही नाही. मला वाचता यायला लागल्यावर एका तालमीला तुम्ही नाटकाची वही माझ्या हातात दिलीत. राजाचं काम करणारे काका एका वाक्यावर थांबले. मी टुणकन पुढचं वाक्य सांगितलं. परत थांबले, परत सांगितलं. मला वाटलं तुम्ही शाबास म्हणाल.

"थांब की जरा," तुम्ही दबक्या आवाजात म्हणालात. "त्येला आठवू दे. त्येच्या तोंडचा घास कशाला काढून घेतीस?"

"पण त्यांना येत नव्हतं, आण्णा."

"येत व्हतं. शोधत व्हता त्यो. नट इसरला की आधी वर बघतो, मग हातातली तलवार बघतो. तवर आपून गप. त्येची मान विंगंकडं वळंल तवा सांगायचं. त्याच्या आधी न्हाई." आणि वही परत घेतलीत. मी घरी येईपर्यंत तुमच्याशी बोलले नाही.

त्या तालमींची एक कॅसेट आईच्या ट्रंकेत होती. पेटीची गाणी उतरून घ्यायला कुणीतरी टेप सुरू केला होता आणि तो तसाच चालू राहिला, त्यात मागे तुमचा आवाज आहे. नाटकातली वाक्यं नाहीत, नटांना कुजबुजत दिलेल्या सूचना. डावीकडं सर. दाराकडं बघ. आता बस. मागं फिर, मागं फिर. आम्हां सगळ्यांकडे तुमचा तेवढाच आवाज आहे. तुम्ही फोटोत हसत नाही आणि फोटो काही बोलत नाहीत. मी ती कॅसेट साफ करून घेतली, एकेक सूचना वेगळी कापली आणि गेममध्ये बसवली. खेळणारा अडला की मागून तुम्ही बोलणार, दाराकडं बघ. पहिल्यांदा तो आवाज त्या रिकाम्या गल्लीत घुमला तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले, दुकानात तुम्ही आलात की उठायचे तशी. त्यानंतर कित्येक महिने मी गेम बनवत नव्हते, आण्णा. मी तुमच्यासाठी गल्ल्या बनवत होते, की तुम्हाला बोलायला जागा मिळावी.

मुलांना मी आणखी एक गोष्ट सांगते: अनोळखी माणसाला खेळायला बसवा आणि स्वतःचं तोंड बंद ठेवा. यासारखी कठीण गोष्ट नाही. आपण वर्षं घालवलेली असतात आणि समोरचा भिंतीला टकरा देत असतो. मी कॉलेजच्या काही पोरापोरींना बसवलं आणि मागे स्टुलावर हात बांधून बसले. त्यांना गाव आवडलं, राजा आवडला, तुम्ही तर फारच आवडलात. पण कुणी शोधेना. शाळेच्या बंद दारापाशी येऊन मुलगी उभी करायचे आणि हात मांडीवर ठेवून बसायचे. मी एकीला विचारलं, काय करतेस? "कायनाय मॅडम, वाट बघतीय. ते काका सांगतात की आता." दुसरा म्हणाला, "काका लय गोड बोलतात." दार उघडायची युक्ती मी किती जपून रचली होती, कुणी तिच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.

तेव्हा मला तुमचा नियम आठवला. मी आवाज मागे घेतला आणि असं केलं की मुलीने स्वतः मान वळवून मागे बघितलं तरच तुम्ही बोलाल. मला वाटलं, आता आण्णा खूश. पुन्हा मुलांना बसवलं. आधी बरं चाललं होतं. पण मागे काका आहेत हे एकदा कळलं की सगळे मागेच बघत चालायला लागले. पडद्यावर ती लहानशी मुलगी दोन पावलं टाकायची आणि मान वळवायची, दोन पावलं टाकायची आणि मान वळवायची. मुलं हसत होती. मला हसू येईना. मला एकदम भीती वाटली.

कारण मान वळताना मी एकदा बघितली आहे. सांगलीच्या दवाखान्यात तुम्ही होतात, अर्धं अंग लुळं पडलं होतं आणि वाचा गेली होती. मी कॉलेजमधून तशीच आले, बसमधून उतरून पळत. तुम्ही आधी वर छताकडे बघितलंत. मग स्वतःच्या हाताकडे. आणि मग तुमची मान माझ्याकडे वळली. ओठ हलत होते आणि वाक्य येत नव्हतं. माझ्या हातात वही नव्हती, आण्णा. मला तुमचं पुढचं वाक्य माहीत नव्हतं. मी पाणी हवंय का विचारलं, आईला बोलावू का विचारलं, खिडकी लावू का विचारलं, आणि तुम्ही बघत राहिलात. कुणी सांगायला नसेल तर नटाचं काय होतं, हे मी तुम्हाला कधी विचारलं नव्हतं. अजून कधी कधी भाजी निवडताना, रस्ता ओलांडताना मी त्या वाक्याच्या जागी काहीतरी घालून बघते. काहीच बसत नाही.

गेल्या महिन्यात मी लॅपटॉप घेऊन कडेगावला गेले. आईला खुर्चीत बसवलं, चष्मा दिला आणि गेम सुरू केला. तिला बटणं काही जमेनात, म्हणून मीच मुलीला चालवत होते. आपली शाळा बघून ती खुलली. व्हरांडा तस्साच केलायस म्हणाली. मग मी मुद्दाम मुलीची मान वळवली आणि तुम्ही बोललात, "दाराकडं बघ."

आईने खरंच दाराकडे बघितलं. आपल्या घराच्या, उघड्या दाराकडे. तिथं ऊन होतं आणि चपला होत्या. मग चष्मा काढून पदराने पुसायला लागली.

"त्यास्नी कशाला कोंडून ठेवलंयस त्यात?" ती म्हणाली.

"कोंडलं नाही गं. माझ्यासोबत असतात."

"सोबत न्हवं ही. त्येच त्येच बोलायला लावतीस माणसाला. जाऊ दे की त्यास्नी आता." आणि उठून ती चुलीकडे गेली. मी रागाने लॅपटॉप मिटला. जेवताना आम्ही दोघी पावसाविषयी आणि उसाच्या तोडीविषयी बोललो. परतीच्या गाडीत, कराड येईपर्यंत, मला रडू आवरलं नाही.

जत्रा चार दिवसांवर आली आहे. मुलांना मी हेही सांगते की गेम संपत नसतो, तारीख यावी लागते, आणि आपल्या गावात तारीख देवाची असायची. राजाचा अंगरखा अर्धा असो, दुसरा अंक पाठ नसो, जत्रा पुढे ढकला असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. मी हा गेम इतक्यांदा पुढे ढकलला की माझे मित्र विचारायचे बंद झाले. शेवटी मी जत्रेचाच दिवस जाहीर करून टाकला. त्याचा गाजावाजाही करते आहे, तुम्ही जीपवर कर्णा बांधून आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवर नाटक सांगत फिरायचात तसाच, फक्त फोनवरून. काही थोडी माणसं वाट बघतायत. कुणीच खेळलं नाही तर? हा प्रश्न पोटात असतोच, तो काही जात नाही असं मुलांना सांगून ठेवलंय.

काल एका पोरीला तुमचा आवाज तात्पुरता बंद करून गेम खेळायला दिला. दारापाशी ती अडली. मुलीची मान वळवली, मागे गल्ली रिकामी. पुन्हा वळवली. उत्तर अगदी माझ्या जिभेच्या टोकाशी आलं होतं, जीभ दाताखाली धरून ठेवली. मग तिने पडद्यावरच्या मुलीला वर बघायला लावलं, शाळेच्या घंटेकडे, मग हातातल्या लाकडी तलवारीकडे, आणि तलवारीने घंटा वाजवली. दार उघडलं. "मला सापडलं!" असं ती एवढ्या मोठ्याने ओरडली की खालच्या मजल्यावरच्या काकूंनी वर डोकावून बघितलं. शोधत होती ती, आण्णा. येत होतं तिला.

म्हणून आज सकाळी तो आवाज कायमचा काढला. लोकांकडे जाईल त्या गेममध्ये तुम्ही नाही. आईला फोन करून सांगितलं, तर ती नुसतं "बरं केलंस" म्हणाली आणि भाकरी करपतीय म्हणून फोन ठेवला.

एक मात्र तिला सांगितलेलं नाही. जुना गेम मी माझ्या कॉम्प्युटरवर तसाच ठेवला आहे. हे लिहिता लिहिता मध्ये उठून तो लावला. मुलीला शाळेच्या दारापाशी नेलं. ते दार कसं उघडतं हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार, ते मीच केलंय. तरी मी तिची मान वळवते. तुम्ही म्हणता, दाराकडं बघ. आणि मी बघत नाही, म्हणजे तुम्ही परत सांगाल.