हेडाचा खळगा

पनवेल, मंगळवार, १९५६

कर्नाळ्याच्या खिंडीत आज पुन्हा माझी टॅक्सी दमली. माझ्या उस्तादाची, बाळूदादाची, तसलीच जुनी टॅक्सी हॉर्न देत सहज पुढे गेली. संध्याकाळी मीच इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं लोखंडी झाकण, उघडलं. आतला खळगा खोल! माझ्या हेडाचा खळगा उथळ होता. त्यात पेट्रोलची वाफ जास्त दाबली जाऊन भडका जोरात उठायचा, म्हणून तर गाडी चढ ओढायची. हे हेड माझं नाहीच. हेडात साठलेला कार्बन काढायला मागे गाडी दिली होती ती फक्त बाळूदादाकडे. ज्यानं मला पाना धरायला शिकवलं, त्यानंच? जाऊन विचारलं, तर मान वर न करता म्हणाला, "हेडं समदी सारकीच." शिकायला गेलो त्या पहिल्या दिवशीही हेच म्हणाला होता, पण पुरतं: "भायेरून समदी सारकीच दिसतात. आतला खळगा बघाचा."