पट्ट्याचे वळ

बारक्या,

तुला 'प्रिय' लिहायला हात धजत नाही. हे पत्र टाकणारही नाहीये, पण मनातली मळमळ कुठेतरी ओकायला हवी.

गाडी लावण्याच्या भांडणात तू म्हाताऱ्या वॉचमनचा डोळा फोडलास. आपले वकील म्हणाले, "शिक्षा कमी व्हायची तर कारण दाखवावं लागेल. गुन्हेगार जन्माला येतो की घडतो, यावर शास्त्रज्ञ भांडत बसू देत. लहानपणी मार खाल्लेला मुलगा कोर्टाला पटकन समजतो."

बाबांनी आपल्याला कधी बोटही लावलं नाही. तरी ते स्वतःच म्हणाले, "अगं, मग माझं नाव घे की. मला काय फरक पडतो?"

मी साक्षीत पट्ट्याचे वळ सांगितले. बाबा मागच्या बाकावर मान खाली घालून बसले, खऱ्या मारकुट्या बापासारखे. तुझी शिक्षा कमी झाली.

फरक पडला रे. बाबा शाळेची व्हॅन चालवतात, तिच्यात आता एकही मूल बसत नाही. असल्या माणसाबरोबर पोरं कोण पाठवेल?

काल तुरुंगात तुला भेटले. तिथल्या समुपदेशकापुढे तेच तेच बोलून तुला आता ते खरंच वाटायला लागलंय. डोळ्यांत पाणी आणून म्हणालास, "ताई, त्या पट्ट्यानंच माझं वाटोळं केलं."

घरी आले तर बाबा दारातच उभे. "काय म्हणाला गं?"

"तुमची आठवण काढत होता," मी म्हटलं.

तेवढ्यावर दोन घास जास्त जेवले ते.

तुझीच,
ताई