लाँच बंद व्हायच्या आत

थेरोंडा, चैत्र, १९६३

प्रिय राही,

सोमवारी टाकलेलं माझं कार्ड फाडून टाक. त्यात लिवलं व्हतं, पहिलं बाळंतपण माहेरीच, सातवा लागलाय, मुंबईहून लाँचीत बस आणि ये, इस्पितळाची नाटकं पुरे. ते सगळं रद्द. तू यायचं न्हाय.

तुझं पत्र चारदा वाचलं. चौथी शिकलेली मी, हळू वाचते पण समजतं. डॉक्टरीणबाईनं गर्भपिशवीच्या तोंडावरचं पुसून काचेवर घेतलं, पेशी बदलल्यात म्हणाली. कॅन्सर न्हाय, पण नजर ठेवायची. पोटात पोर हाय तवर कापाकापी न्हाय. मधे एकदा तपासायचं आणि बाळंत झाल्यावर सहा आठवड्यांनी परत. एवढंच ना? मग रडतेस कशाला? रडून पेशी सुधारत न्हाईत. चंदरला सांग, बायकोसारखं तोंड पाडून बसू नको, तपासणीच्या दिवशी कामावर खाडा कर आणि हिच्यासंगती जा.

इथं जवळा वाळतोय. पाळणा धुऊन ठेवला व्हता, तो परत माळ्यावर टाकला. शेजारची बायजा विचारते, लेकीला माहेर न्हाय का गं? म्हटलं, तुझी सुकट कावळे नेतात, तिकडं बघ.

बोटं मोज. ज्येष्ठात तू मोकळी व्हशील. लाँच तवाच बंद, ती नारळी पुनवेपर्यंत. तुझे सहा आठवडे आषाढात भरतात. परतायला एस्टी हाय म्हणशील. हाय. पण पाऊस बघून मीच म्हणीन, थांब चार दिवस, बाळ कोवळं हाय. मग आणखी चार. मला मी ओळखते.

मनुमावशी काविळीनं गेली असं तुला सांगितलं, ते खोटं. धाकटा पोटात असताना तिला मधून मधून रक्त जायचं. मी म्हटलं, उन्हात मासळी पसरतेस, उष्णता हाय, सब्जा पी. बाळंत झाली तरी थांबेना. लाँच बंद व्हती. तिनं मला विचारलं, पेणवरून गाडीनं जाऊ का गं मुंबईला? मी म्हटलं, कौतुकं नकोत, पुनव होऊ दे. पुनवेनंतर नेली. डॉक्टर म्हणाला, आता आणलीत व्हय? दिवाळी तिला दिसली न्हाय. सोळा वर्षं हे कुणाला बोलले न्हाय. तुझ्या पत्रात ‘नंतर परत तपासायचं’ वाचलं आणि हे लिवायला बसले. वैशाखातल्या शेवटच्या लाँचीनं मी येते. सहा आठवडे भरले की बाळ मी घेईन आणि तुला हाताला धरून नेईन. जाऊ का, असं मला विचारू नकोस.

तुझीच,
आय