निम्म्या घरांचा खोका

१२ जून
चि. पंडितास,
अ. उ. आ.

पत्राला उशीर झाला म्हणून तोंड फुगवू नकोस. शाळांच्या गणवेशांचे दिवस आहेत, मशीनवरून उठायला फुरसत नाही. तुझे भाऊजी बटणं लावून देतात आणि दर दोन बटणांमागे एक चहा मागतात. तब्येत ठणठणीत आहे, तेव्हा काळजी नको.

आता मुद्द्याचं. तुझ्या संस्थेने खोके वाटायला माझी पुढची खोली घेतली तेव्हा तू बजावलं होतंस, की ताई, तू फक्त दार उघडून दे, डोकं चालवू नकोस. पण डोकं म्हणजे काय मशीन आहे, पाय काढला की थांबायला? वस्तीत ज्या घरांत एड्सच्या गोळ्या चालू आहेत, त्यांतल्या निम्म्या घरांना तुम्ही चिठ्ठ्या टाकून धान्याचा खोका देता आणि निम्म्यांना नुसतं हसून दाखवता. माझ्या मागच्या गल्लीत दोघी जावा राहतात. दोघींचे नवरे एकाच खाणीत कामाला होते, आणि एकाच आजाराने गेले. मागे ठेवलं काय, तर तोच आजार. चिठ्ठी थोरलीची निघाली, धाकटीची नाही. आणि गंमत बघ, खोका मिळणारी थोरली वाळत चाललीय, न मिळणारी धाकटी भरत चाललीय. थोरलीच्या कपड्यांची शिवण मी दोनदा आत घेऊन ते कमी केले. हे कुठलं उफराटं शास्त्र? मला काही उलगडत नाही.

भावजयीला आशीर्वाद. ती तुला सांभाळते, हे आमच्यावर उपकारच आहेत.
तुझी,
ताई

२५ जून
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. बायकोने मोठ्याने वाचलं आणि शेवटच्या ओळीवर फार खूश झाली.

तू विचारलंस ते मला रोज विचारतात, आणि मी रोज तेच घोटलेलं उत्तर देतो. उपाशी पोटी गोळी सोसत नाही, मळमळतं, माणूस गोळी सोडून देतो. अन्न दिलं तर गोळी सुटत नाही का, एवढंच आम्हाला पाहायचंय. सगळ्यांना दिलं तर फरक अन्नाने पडला की आणखी कशाने, हे कळायचं कसं? म्हणून निम्म्यांना. लिहिताना हे अगदी बरोबर वाटतं. चिठ्ठ्या टाकल्या त्या दिवशी, तुझ्या खोलीत उभा असताना, तितकं बरोबर वाटलं नव्हतं.

पण खरा गोंधळ पुढेच आहे. खोकेवाली घरं आणि बिनखोक्याची घरं, दोन्हींचे रक्ताचे अहवाल ताडून पाहिले तर काडीचा फरक नाही. आमच्या मुख्य बाई म्हणतात, मग तसं लिहून टाकू, अन्नाचा उपयोग होत नाही. हे मला गिळवत नाही. थोरली खोका विकते की काय? तू जरा बघशील का? आता डोकं चालवायची तुला माझी परवानगी आहे.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
पंडित

९ जुलै
चि. पंडितास,
अ. उ. आ.

विकत नाही रे. शिवलेले कपडे द्यायच्या निमित्ताने मी थोरलीकडे गेले. त्यांच्या दोन खोल्यांमध्ये छातीएवढी भिंत आहे. ती घातली गेली त्या भांडणापासून दोघींचं बोलणं बंद आहे. थोरलीने खोक्यातलं पीठ शिजवलं, पातेलं भिंतीवर ठेवलं आणि माझ्याशी गप्पा मारत बसली. पलीकडून एक हात आला, पातेलं गेलं. थोड्या वेळाने घासून परत आलं. ना हाक, ना शब्द. पातेल्यात निम्म्याहून जास्तच होतं, मी डोळ्यांनी पाहिलं.

मी विचारलं तर थोरली माझ्यावरच डाफरली. म्हणाली, “गोळी रिकाम्या पोटी नको म्हणतात. कुणाच्या पोटी, ते कुठे सांगितलं?” धाकटीला गोळी उलटते, तिच्या पदरी दोन लेकरं आहेत, मग जास्त कुणाला लागतं, असं तिचं म्हणणं. तिच्याशी बोलत मात्र ती मेली तरी नाही.

मग मी कपडे पोचवत चार घरं आणखी हिंडले. सगळीकडे हेच. कुणी बहिणीला देतं, कुणी शेजारणीला. पाठमोरं बसून, पण देतं. मला आनंद झाला, आणि लगेच शंकाही आली. हे तुला कळवून मी कुणाचं भलं केलं, कुणाचं वाटोळं?

जपून राहा.
तुझी,
ताई

२० जुलै
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी हसलो आणि मग रक्ताचे अहवाल पुन्हा काढून बसलो.

फरक कसा दिसेल? तुम्ही वाटून खाऊन तो पुसूनच टाकलात. आता माझी अडचण ऐक. मी हे सांगितलं तर बाई म्हणतील, या वस्तीचा हिशेब बिघडला, ही वस्ती वगळा. म्हणजे खोके बंद. नाही सांगितलं, तर अन्नाचा उपयोग नाही असं छापून येईल, आणि ते वाचून कुठल्या कुठे, आपण नावही न ऐकलेल्या जागी, कुणी तरी रुग्णांचं अन्न बंद करेल. इकडे आड तिकडे विहीर. मी इतकी वर्षं गरिबीवर लिहितो, पण असा पेच मला कुणी शिकवला नाही. तू काय करशील?

उत्तराची वाट पाहतो. माझ्यावर माया राहू दे, ती आत्ता फार लागते आहे.
तुझा,
पंडित

२ ऑगस्ट
चि. पंडितास,
अ. उ. आ.

तुझे भाऊजी म्हणतात गप्प बस. सकाळी मला ते पटलं, दुपारी पटेना. थोरलीला विचारावं म्हणून दोनदा निघाले आणि दोनदा वाटेतून परतले. तिच्या तोंडचा घास, आणि मी काय विचारणार?

शेवटी माझं मत असं, की खरं सांग. अन्नाने माणूस तगत नाही असं कुणी माझ्या भावाच्या सहीने म्हणावं, हे मला सोसणार नाही. पण मला खात्री नाही. चुकत असेन तर पत्र फाडून टाक.
तुझी,
ताई

१ सप्टेंबर
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकलं, मला चहा दिला आणि तुमची वस्ती वगळली. मी म्हटलं, बाकीच्या वस्त्यांतही फरक दिसत नाही, तिथेही हेच चालू असणार. त्या म्हणाल्या, पुरावा दे. मी कुठून देऊ? तिथे मला पत्र लिहिणारी बहीण नाही. विचारायला गेलो तर तिथले लोक म्हणतात, आम्हीच खातो साहेब, सगळं आम्हीच खातो.

म्हणजे खोके फक्त तुमचे गेले, आणि अहवालात लिहिलं जाणार ते जाणारच. मी नेमकं काय केलं, ताई? थोरलीला तोंड दाखवायची माझी छाती नाही.
तुझा,
पंडित

१८ सप्टेंबर
चि. पंडितास,
अ. उ. आ.

खोके बंद झाले. थोरलीला ताप येतोय, धाकटीने दोन वेळा गोळी टाळली. वस्तीतल्या दोन गिऱ्हाइकांनी गणवेशाचं शिवायला दिलेलं कापड परत नेलं. तुझ्यापासून काय लपवायचं?

काल दोघी जावा माझ्या दारात आल्या, मागे आणखी बऱ्याच जणी. तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. थोरली म्हणाली, बाकीच्या वस्त्यांतल्या बायकांना माझा निरोप लिही, दार लावून खा आणि तोंड उघडू नका, उघडलं की आमच्यासारखं होईल. तोच धाकटी एकदम तिच्याकडे वळली आणि म्हणाली, “नाही जाऊबाई. सगळ्या वस्त्यांनी एकदम सांगितलं, तर कुणाकुणाला वगळतील?” किती वर्षांनी ती तिच्याशी बोलली! माझ्या हातातली कात्री खाली पडली, पण त्या दोघींना भानच नव्हतं. भांडत होत्या. थोरली म्हणे तिथल्या लेकरांनी आज काय खायचं, धाकटी म्हणे आणि पुढच्या वर्षी काय खायचं. दोघींचंही मला पटत होतं, आता बोल.

मी दोन कागद लिहिले. थोरलीचा निरोप एकावर, धाकटीचा दुसऱ्यावर. धाकटीच्या कागदावर बायकांनी सह्या केल्या, काहींनी अंगठे उठवले. शेवटी थोरली पुढे झाली आणि तिनेही त्याच कागदावर अंगठा उठवला. मी चक्रावले. विचारलं, तुला पटलं का? ती म्हणाली, “पटलं नाही. पण ती एकटी पडायला नको.”

तो कागद सोबत आहे. थोरलीचा कागद तिने आपल्या हाताने परत घेतला. आता तो घेऊन बाकीच्या वस्त्यांत जा, आणि तोंड दाखवायला इकडेही ये. राग निवळायला वेळ लागेल, तोवर माझ्याकडे जेव.

तुझी,
ताई