पूर्वेच्या कुरणाचा कागद

४ मे १६६९

आज जेवताना वडील "माझ्या पश्चात" म्हणाले, आणि त्या क्षणी माझं सगळं बदललं.

मी एवढंच विचारलं होतं की पूर्वेचं कुरण माझ्या नावावर कधी करून देणार. समोर मक्याची लापशी. जेरेडदादा मान खाली घालून खात होता. वडील म्हणाले, माझ्या पश्चात. मीठ पुढे सरकव म्हणावं तसं.

एकसष्ट वर्षांचा माणूस, अजून ओक पाडतो! त्यांच्या पश्चात म्हणजे मी चाळिशीत. आणि केझाया तोवर कुणाच्या तरी पाच पोरांची आई.

तिचे वडील, फॅरोकाका, काल पिंपाला कडं ठोकता ठोकता म्हणाले — कागद आण, मुलगी ने. तुझ्या बापाच्या शब्दावर मुलगी द्यायची नाही मला. तो शब्द तुझ्या थोरल्या भावालाही दिलाय, आणि तो दहा वर्षं त्याच्यावरच बसलाय.

वडील महिन्यांना आकड्यांनी हाक मारतात. मे हे मूर्तिपूजकांचं नाव, मार्चपासून मोजून 'तिसरा महिना' म्हणावं. मी मे लिहिणार. मे, मे, मे.

६ मे

केझाया विहिरीवर होती. बोलायची सोय नाही — बापाच्या परवानगीविना मुलीच्या मागे लागलं तर आमच्याकडे कोर्टात उभं करतात, आणि फॅरोकाकांची परवानगी कागदाला बांधलेली. तिनं दोर ओढता ओढता बादलीला सांगितलं, मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं: "काही लोकांना लॅटिन येतं गं. बापाशी बोलता येत नाही."

बादलीशी बोलते! मी दिवसभर त्यावर जगलो. आणि दिवसभर जळलो.

९ मे

वडिलांनी कॉलेजचा विषय काढलाच. "दीड वर्षात फीची अठरा पोती गहू गिळलास, आणि शिकून काय आलास, तर रुसायला."

आमच्या वसाहतीतल्या केंब्रिजला मी राहिलोही असतो. पण मास्तरांनी माझी हिब्रूची वही उघडली, त्यात केझायाचं नाव सतरा वेळा लिहिलेलं सापडलं, आणि त्यांनी ते सतराही वेळा वर्गात मोठ्यानं वाचलं. मी दौत भिरकावली. भिंतीला लागली. त्यांना लागली नाही याचं अजून वाईट वाटतं. दुसऱ्या दिवशी गाठोडं बांधून चालत सुटलो.

१० मे

दादाशी भांडलो. तो चौतिसाचा, तीन मुलं, स्वतःच्या हातांनी बांधलेलं घर, आणि घराखालची एक ढेकूळ त्याच्या नावावर नाही. म्हणतो, "काय अडलंय माझं? जमीन काय पळून जाते?"

म्हटलं, तुझं अडलेलं तुला कळत नाही, हेच तर अडलंय.

हसला. नांगराकडे गेला. मी गेलो नाही. जिथे माझं काही नाही तिथे मी घाम गाळणार नाही.

१२ मे

आज वडिलांच्या तोंडावर बोललो. म्हटलं, हे कुरण तुम्ही इथल्या मूळच्या नॉरवॉटक लोकांकडून घेतलंत. त्यांच्या मक्याचे जुने उंचवटे अजून पायाला लागतात तिथे. त्यांच्याकडून खुणा उमटवून कागद घेतलात ना? त्यांच्या शब्दावर बसलात का? मग मी का बसू?

वडील म्हणाले, "कामाला लाग, नाहीतर पंचांना सांगीन घरात आळशी पोसतोय म्हणून."

सांगा!

१६ मे, रविवार

वडील घोड्यावरून उतरताना पडले. प्रार्थनाघराच्या दारात, सगळ्या गावासमोर. गुडघा धरून बसून राहिले. दादा धावला. मीही धावलो, पण एक क्षण उशिरा — तो क्षण वडिलांनी पाहिला.

१७ मे

सकाळी म्हणाले, "कागद काढ."

आधी खरंच वाटेना. त्यांना छापलेलं वाचता येतं, लिहिता येत नाही. घरात लेखणी एकट्या माझ्याकडे. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. पूर्वेचं कुरण आणि हे घर एल्नेथनला, म्हणजे मला, आजपासून. आणि त्या बदल्यात, बापाच्या मरणापर्यंत — शेकोटीजवळची खोली त्यांची. वर्षाला जळणाचे पंधरा गाडे, चुलीच्या मापानं तोडून दाराशी रचलेले. तांबडी गाय, जिला चेरी म्हणतात, तिचं दूध. रविवारी घोडा, खोगीर घालून. सफरचंदाच्या दारूची चार पिंपं. कपडे, लापशी, आजारपण.

एकेक कलम घशाखाली उतरत नव्हतं. नोकराचा करार बरा! पण डोळ्यांसमोर केझाया, म्हणून लिहिलं. वडिलांनी खाली सहीऐवजी आपली कुऱ्हाडीची खूण काढली. साक्षीला दादा. खूण करताना म्हणाला, "बघ, जळण कमी पडलं तर माझ्याकडून उसनं ने."

ज्याच्याकडे स्वतःचा कागद नाही तो माझ्या कागदाला साक्षीदार. मला हसता आलं नाही.

१८ मे

फॅरोकाकांनी कागद दोन्ही हातांत उलटा-सुलटा केला, खूण पाहिली, माझ्या पाठीत थाप मारली आणि तळघरात दारू काढायला गेले. जाताना म्हणाले, आता बोला हवं तेवढं.

केझाया लोकर पिंजत होती. म्हणाली, "वाचून दाखव."

मी ऐटीत वाचत गेलो. जळण, गाय, घोडा. तिचे हात थांबले.

"ते शेवटचं परत वाच."

वाचलं. एल्नेथनची बायको सासऱ्याचे कपडे धुवील, लापशी रांधील, आजारपणात उशाशी बसेल, आणि हे त्याच्या मरणापर्यंत करील.

"अक्षर कुणाचं?"

"माझं."

"सुरेख आहे. यात माझं नाव कुठंय?"

म्हटलं, अशा कागदात नाव घालत नाहीत. रीत आहे.

"गाईचं घातलंयस."

म्हटलं, हे सगळं तुझ्यासाठीच केलं ना. ती आवाज न चढवता म्हणाली, "तुला न विचारता तुझी वीस वर्षं ठरवली म्हणून गावभर ओरडत होतास. माझी ठरवायला तुला एक सकाळ पुरली."

फॅरोकाका दारू घेऊन वर आले तेव्हा मी निघालो होतो.

१९ मे

कृतघ्न! जमीन आणली, घर आणलं, आणि हिला एक ओळ टोचते. गावातली कुठली सून सासऱ्याची लापशी करत नाही?

२० मे

काल लिहिलेलं वाचलं. आवाज वडिलांचा आहे.

२१ मे

वडिलांना म्हटलं, ती ओळ काढा. कपडे मी धुवीन, लापशी मी करीन.

त्यांना आधी कळलंच नाही कुठली ओळ. मग कळलं. "तुझ्या आईनं तेहतीस वर्षं केलं. तिला कुणी विचारलं होतं?"

"म्हणूनच," मी म्हटलं.

"ती ओळ गेली तर कागद गेला."

आई जाऊन दोन वर्षं झाली. एकोणिसाव्या वर्षी समुद्र ओलांडून इथे आली. गावाच्या वहीत तिचं नाव शोधायला गेलो आज. वडिलांचं एकोणीस ठिकाणी आहे — कुंपण, डुकरं, पूल, वाटणी. आईचं एकदाच. मेली त्या दिवशी.

चाकूनं ती ओळ मीच खरवडणार होतो. पण खूण झालेल्या कागदातलं खरवडणं म्हणजे चोरी. इतकंही खाली जायचं नाही मला.

२४ मे

नदीच्या वरच्या अंगाला नवं गाव वसतंय. चार वर्षं तिथे राहा, जंगल तोडा, की घरजागा तुमची. मी नाव दिलं. एकट्या पोराला तिथेही एकटं राहू देत नाहीत, कुठल्या तरी कुटुंबात घालतील. घालू देत.

फॅरोकाकांना सांगितलं. ते कडं ठोकतच राहिले. म्हणाले, "हातातलं कुरण सोडून रानात चाललास. कॉलेजात हेच शिकवतात? मग आपलं बोलणं मोडलं समज."

२५ मे

केझाया विहिरीवर. दंड तर दंड, सरळ जाऊन उभा राहिलो. सगळं सांगितलं. थांबशील का, विचारणारच होतो.

"आत्ता नको विचारूस," ती म्हणाली. "आत्ता तू चिडलायस. तुला कुणाला तरी हरवायचंय, आणि मी हाताशी आहे."

म्हटलं, मग कधी?

"घर बांध. स्वतःचे कपडे स्वतः धू. मग ये विचारायला. तेव्हा मला जे वाटेल ते सांगीन."

"आणि फॅरोकाकांनी तोवर दुसरीकडे दिली तर?"

"तेही मला विचारावं लागेल त्यांना."

बादली उचलून गेली. 'हो' नाही. 'नाही'ही नाही. माझ्या हातात काहीच नाही, आणि तिच्यावर रागावायला जागा शोधतोय तर तीही सापडत नाही.

२७ मे

कागद टेबलावर ठेवला. वडील खुर्चीत होते, दुखरा पाय स्टुलावर. मला वाटलं ओरडतील. उत्तरं तयार ठेवली होती, चार दिवस घोकून.

त्यांनी शेकोटीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाले, "तुझी आई एकदा निघाली होती. तू तेव्हा झालाही नव्हतास. होडीपर्यंत गेली. मी जाऊन परत आणली."

मी कागद त्यांच्या बाजूला सरकवला.

"तुला आणायला मी येणार नाही," ते म्हणाले.

शाप होता की निरोप, मला कळलं नाही. विचारलं नाही. त्यांच्या हाताशी चार लाकडं सरकवली, बाहेर आलो, आणि दार हळूच ओढून घेतलं.