सात नंबरची सुई

प्रिय भिंगरी,

तुझ्या प्रयोगशाळेसाठी मी या हातांनी काय काय केलं त्याची यादी आधी देतो, म्हणजे पुढचं वाचताना तू मला अगदीच बिनकामाचा समजणार नाहीस. जिवाणूंच्या वसाहती एका ताटलीवरून दुसरीवर जशाच्या तशा उमटवायचा मखमली ठसा, एक. शिलाई मशीनच्या मोटरीवर चालणारं बाटल्या हलवायचं यंत्र, एक. ते अजून चालतं, तुमचं विकतचं दोनदा जळलं. आणि काचेच्या सुया, छत्तीस.

पहिली सुई आठवते? मी तिला असं टोक काढलं होतं की बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. तू म्हणालीस, "दादा, यीस्टला इंजेक्शन नाही द्यायचंय." मग समजावलंस, की यीस्टच्या इवल्याशा पिशवीत चार बीजाणू असतात, ते एकेक उचलून वेगळे ठेवायचे, तर सुईचं तोंड केसाहून बारीक पण सपाट हवं, बीजाणू ओलाव्यानं त्याला चिकटतो. नववीत शाळा सोडून सगळं आपलं आपण शिकलेल्या माणसाला धाकट्या बहिणीनं शिकवावं, हे मला झोंबलंच. आठ दिवस बोललो नाही. नवव्या दिवशी सपाट तोंडाची सुई तुझ्या टेबलावर ठेवली. तू ती भिंगाखाली पाहिलीस आणि माझ्यासाठी चहा करायला उठलीस. तेवढं मला पुरलं.

मग मी प्रत्येक सुईच्या दांड्यावर नंबर कोरू लागलो आणि कोणत्या ताटलीला कोणती सुई हे लिहून ठेव म्हणून तुझ्या मागे लागलो. "सुया आहेत की कैदी?" म्हणालीस, पण तीन वर्षं एकदाही लिहायला चुकली नाहीस. घरी ठीक आहे. वहिनीचा गुडघा आता कुरकुरत नाही, तीच कुरकुरते. शेजारणीला सांगत होती, आमच्या नणंदबाई यीस्टची लग्नं लावतात आणि पोरं कुणाच्या वळणावर गेली ते मोजत बसतात.

त्या मोजण्याबद्दलच लिहायचं आहे. तुझा लेख सोमवारी जाणार. चार बीजाणूंत दोन आईच्या वळणाचे, दोन बापाच्या, हा नेहमीचा हिशेब; तुला अकरा पिशव्यांत तीनास एक मिळाले, आणि लेखाचा सगळा भार त्या अकरांवर. परवा, तू धुवायला पाठवलेल्या सगळ्या सुया मी भिंगाखाली धरल्या. कशासाठी ते शेवटी सांगतो. सात नंबरच्या तोंडाला कडेला चीर आहे. आधी धूळ वाटली. चार वेळा पुसली. चिरेच्या कडा आचेनं गुळगुळीत झालेल्या आहेत, म्हणजे ती वापरताना पडलेली नाही, घडवतानाच राहिली. माझ्या हातची. त्या चिरेत एक बीजाणू अडकून पुढच्याच्या जागी सहज पडू शकतो.

लेखाच्या आकृत्या काढायला तू मला दिलेल्या तुझ्या वहीच्या प्रती घेऊन बसलो. अकरांपैकी आठ पिशव्या सात नंबरच्या निघाल्या. उरलेल्या तिन्ही पाच आणि बावीस नंबरच्या. त्या दोन सुया मी सगळ्या बाजूंनी तपासल्या, त्यांच्यात काही नाही. त्या तीन तुझ्या आहेत, कुणी हिसकावून घेऊ शकणार नाही. आठ पुन्हा कर. लेख लांबेल, तुझ्या प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई चिडतील. मला सांभाळायला तू चूक स्वतःवर घेशील, लहानपणी माझ्या हातून फुटलेली बरणी घेतली होतीस तशी, म्हणून हे शाईनं लिहून देतोय. बाईंना हेच पत्र दाखव. सोबत डबीत नवी सुई आहे. नंबर सदतीस. सात हा नंबर आता कुणाला द्यायचा नाही.

तर, सुया का तपासल्या. उपकरणांच्या एका कंपनीचा माणूस आला होता. माझी पद्धत त्यांना हवी होती, आणि त्याला मिरवून दाखवायला म्हणून मी सगळ्या सुया काढल्या. कागदावर मला एका ओळीखाली सही करायची होती: आजवर दिलेली एकही सुई सदोष नव्हती. चीर त्याला दिसली नव्हती, मीच दाखवली. म्हणाला, "काका, एकच तर आहे, करून टाका सही." मी पेनाला टोपण लावून त्याचं त्याला परत दिलं. हे तुला बाहेरून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, आणि मला वेड्यात काढायचं ते एकदाच काढून घे. साडेअठरा लाख देत होता.

तुझाच,
दादा