विलासचं पान

शनिवार, संध्याकाळ

आज माझाच नियम मोडला आणि मी बेहद्द खूश आहे. कबूल कुठे करणार? इथेच.

परळच्या आमच्या वाचनमंडळात प्रत्येकाने पाळीने एक पान मोठ्याने वाचायचं, तेही छापील पुस्तकातूनच. मोबाइल, टॅब वर्ज्य. शासनकर्ता अर्थात मी. विलास तीन शनिवार "घसा बसलाय" म्हणून पाळी टाळत होता. दुखणं घशाचं नाही, डोळ्यांचं, हे मला कळायला महिना लागावा? म्हणे मी संस्कृतचा पंडित! गेल्या खेपेला तो म्हणाला, "आता येत नाही रे मी." तेव्हा कुठे मान खाली घालून म्हटलं, "लेकीचा टॅब घेऊन ये."

आज आणला. अक्षरं लिंबाएवढी! चार ओळींत पान खलास.

"संपलं हो पान, विलासराव! आता माझी पाळी," शुभाताई.

"नियम छापील पानाचा आहे," विलास माझ्याकडे वळला. "पंडित, तुझ्या पुस्तकात बोट ठेव. तुझं पान संपलं की सांग."

ठेवलं बोट. त्याचा तो जुना खणखणीत आवाज! माझं बोट ओळीओळीने खाली सरकत गेलं, तळाशी पोचलं. सांगायला हवं होतं. मी गुपचूप पान उलटलं. शुभाताईंनी पाहिलं, आणि चष्मा पुसत बसल्या.

पठ्ठ्याने तीन पानं वाचली. मग थांबून म्हणाला, "एवढं मोठं पान?"

"जुनी आवृत्ती आहे रे," मी म्हटलं.